तुमाशच्या वळणावरची पिवळी माती

मेंजाला सायकलवर बसवून आमच्या वाल सुरेना दरीतल्या रस्त्यावर सोडा, आणि म्हणा, खाली बघायचं नाही. तरी ती सांगेल आपण कुणाच्या तुकड्यावर आहोत. मी थट्टा करत नाही. आइताने एकदा तशी पैजच लावली होती. ही आइता म्हणजे पुलाजवळ शेड टाकून पाहुण्यांना सायकली भाड्याने देते ती, तोंडाने फटकळ पण मनाची चांगली. मेंजा नाक वर करून, समोरच्या डोंगराकडे बघत निघाली आणि सीटखालून जे जाणवेल ते सांगत गेली. "हा याखेनचा. दगड कसे मोजूनमापून बसवलेत, गावाचा सभापतीच ना शेवटी! हा पाद्रीबाबांचा. मधे झकास, कडेला देवाच्या भरवशावर. आणि हा... आई गं! हा बाल्सेरचा. दात आहेत का माझे जागेवर, बघ गं."

पैज ती जिंकली. आइताने तिला नवी चेन बसवून दिली.

ही सायकल तिच्या आयुष्यात आली तेव्हा तिने साठी ओलांडली होती. उजव्या गुडघ्याने संप पुकारला, खालच्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, चालणं कमी करा, सायकल चालवा. आता रस्त्याच्या मुकादमीणबाईंनी चालायचं नाही म्हणजे झालंच की! अकरा किलोमीटर रस्ता, वर्षातून चार वेळा पायी तपासायचा. मग आइताने शेडमधली एक जुनी हिरवी सायकल काढून दिली. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, दोन बोटं जाड टायर, त्यावर बारीक बारीक गाठी. "आंदा, ही खडीसाठीच बनवलेली असते," आइता म्हणाली. गावातल्या प्रत्येक थोरल्या बाईला आमच्याकडे लहान माणसं आंदाच म्हणतात, नात्याची असो वा नसो. "हिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात."

"नाव काही ठेव गं. ब्रेक लागतात का ते सांग."

पहिल्या आठवड्यात ती तीनदा पडली, आणि तिन्ही वेळा उठून आधी इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना. दुसऱ्या उन्हाळ्यात ती चढावर निम्म्या वयाच्या पाहुण्यांना मागे टाकायला लागली. मागे टाकताना "आलेग्रा!" असा मोठ्याने रामराम करायची. उत्तर द्यायला त्यांच्यात दम उरलेला नसायचा, आणि तिला ते पक्कं माहीत असायचं. बाई सरळ आहे, पण साधी नाही.

आता त्या तुकड्यांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

रस्ता पुलापासून वरच्या कुरणापर्यंत, सगळा खडीचा. गावात घरं तेवीस आणि रस्त्याचे तुकडेही तेवीस. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला एक दगड, त्यावर घराची खूण कोरलेली. मेंजाच्या घराची फुली, बाल्सेरच्या घराचा उलटा कोयता. बर्फ वितळलं की रस्त्याची अशी काही दशा झालेली असते की बघवत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात ज्याने त्याने आपापला तुकडा नीट करायचा. दुसऱ्या शनिवारी मुकादमाने पाहणी करायची. रविवारी पुलाजवळच्या गवतात सगळं गाव जेवायला बसतं, तेव्हा उभं राहून सांगायचं, यंदा सगळ्यात वाईट तुकडा कुणाचा. चांगला कुणाचा ते सांगायचं नाही. चांगला करणं हे कामच आहे, त्याचं कौतुक कशाला? सोमवारी गुरं वर जातात.

ज्याचं नाव निघेल त्याने सगळ्यांना लाल वाईन पाजायची आणि टूर्टा, म्हणजे अक्रोड भरलेला गोड केक, खाऊ घालायची. शिवाय वर्षभर टोमणे ऐकायचे, ते वेगळेच.

मुकादमाच्या हातात एक काठी असते, तिच्यावर तेवीस खुणा कोरलेल्या. आणि एक नियम आहे, जो गावात सगळ्यांना पाठ आहे पण कुणी घडताना पाहिलेला नाही. मुकादमाचा स्वतःचा तुकडा वाईट निघाला, तर त्याने स्वतःचं नाव घ्यायचं आणि काठी सोडायची. ती काठी जाते गेल्या वर्षीच्या वाईट तुकडेवाल्याकडे. वाईट रस्ता कसा असतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार, असा हिशेब.

काठी आधी तुमाशकडे होती, मेंजाच्या नवऱ्याकडे. आठ वर्षांपूर्वी पानगळीत तो गेला. आजार मोठा होता आणि त्याने फार दिवस घेतले नाहीत. सभेने एकमुखाने काठी मेंजाला दिली. त्यानंतरची सातही वर्षं वाईट तुकडा निघाला बाल्सेरचा. त्याआधी बाल्सेरचं नाव एकदाही निघालं नव्हतं. पण तेव्हा मुकादम तुमाश होता, आणि तुमाश-बाल्सेर म्हणजे जिवाचे दोस्त, शाळेच्या बाकापासूनचे. लोक काय बोलायचे ते तुम्हीच समजून घ्या.

बाल्सेरलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तिसऱ्या वर्षापासून तो वाईनची पेटी आधीच घेऊन यायला लागला.

"नाव तरी घेऊ दे मला," मेंजा कडाडायची.

"घे की. तोवर मी बुचं काढतो."

"लाज नाही वाटत? एकाहत्तरीला आलास. चार दगड सरळ लावता येत नाहीत?"

"अगं, माझा तुकडा वाईट आहे म्हणून तर तुमचे सगळ्यांचे चांगले दिसतात. मला हार घाला खरं तर."

लोक हसायचे. मेंजा नाही हसायची. कामचुकार माणसाचा तिला मनापासून राग येतो, आणि आपल्या नवऱ्याचा जिवलग असा निघावा याचा तिला जास्तच राग यायचा.

तिचा स्वतःचा तुकडा चौदावा. दरीच्या काठाने जातो आणि मध्यावर एक मोठं वळण घेतो. त्याला सगळे तुमाशचं वळण म्हणतात. असा तुकडा साऱ्या रस्त्यावर दुसरा नाही. नदीतली खडी वर आणायची, तारेच्या मोठ्या चाळणीतून चाळायची, वाटाण्यापेक्षा मोठा खडा दिसला की बाजूला. चाळण तुमाशने स्वतःच्या हाताने बनवलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तो ती विणत बसला होता, हे मेंजाला चांगलं आठवतं. ती तेव्हा घाटापलीकडच्या फरसबंद गावातून, पातळ तळव्यांचे बक्कलवाले बूट घालून इथे नांदायला आली होती. नवा नवरा थंडीत बसून तारा काय विणतोय, याचं तिला हसू यायचं. पण तुमाशने तेहेतीस वर्षं दर जूनमध्ये खडी चाळली, आणि तो गेल्यावर मेंजाने ती प्रथा मोडली नाही. बाकीची घरं दोन दिवसांत मोकळी होतात, मेंजाला पाच लागतात. लोक म्हणाले, मशीन आण. ती म्हणाली, तुमाशने हाताने केलं, मीही हातानेच करणार. गुडघा दुखो नाहीतर पाठ मोडो.

आणि सायकल आल्यापासून तर तिला त्या तुकड्याचा वेगळाच अभिमान. दर वर्षी पाहणीच्या दिवशी ती वरून सुटायची, बाकी तुकड्यांवर हात ब्रेकवर, पण तुमाशच्या वळणावर ब्रेक सोडून द्यायची. वळण तिला हाताला धरून न्यायचं. चाक जरा इकडेतिकडे व्हायचं नाही. "काय काम करून ठेवलंय माणसाने," ती दर वर्षी मनाशी म्हणायची. वर्षातलं ते अर्धं मिनिट ती नवऱ्याबरोबर असायची म्हणा ना.

यंदाच्या पाहणीला हवा सुरेख होती. मेंजा पहाटेची निघून साडेनऊला वरच्या कुरणावर पोचली. भाकरी आणि वाळवलेल्या मांसाचे चार काप खाल्ले, झऱ्याचं पाणी प्याली, काठी पाठीला बांधली आणि उताराला लागली. तेविसावा, बाविसावा, एकविसावा. प्रत्येक मोरीपाशी उतरायची, पाणी नीट वाहतंय का बघायची, खिशातल्या वहीत दोन शब्द लिहायची. लार्चच्या झाडांना कोवळी पालवी होती. बिळांच्या तोंडाशी मार्मोट शीळ घालत होते. सोळावा तुकडा बाल्सेरचा. एप्रिलमध्ये त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे यंदा त्याच्या मुलीने शहरातून येऊन अर्धा दिवस कसाबसा हात फिरवला होता. मेंजाने दात घट्ट मिटले आणि तो धडधडत पार केला. वहीत लिहिलं, नेहमीप्रमाणे.

मग चौदावा आला. तिने ब्रेक सोडले.

वळणाच्या मध्यावर पुढचं चाक गेलं. कसं गेलं, केव्हा गेलं, काही कळलं नाही. हँडल सरळ होतं आणि सायकल आडवी झाली. मेंजा डाव्या कुशीवर आपटली आणि खडीवरून घसरत गेली. सायकल तिच्या पुढे घसरत जाऊन दरीच्या काठाला लावलेल्या दगडांना अडली, तिचं मागचं चाक दरीवर फिरत राहिलं.

ती तशीच पडून राहिली. मग बोटं हलवून बघितली, पाय हलवून बघितला. शाबूत होतं सगळं. कोपर सोलून निघालं होतं. सवयीने इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

पहिल्यांदा तिला राग आला. कुणी काहीतरी केलंय माझ्या रस्त्याला! ती रांगत वळणाच्या मधोमध आली आणि हाताने खडी उकरली. चार बोटं, वीतभर. सगळी तिचीच खडी. धुतलेली, चाळलेली, वाटाण्यासारखी गोल. मुठीत घेतली तर मुठीतून निसटणारी. कुणी काही केलं नव्हतं. ती उठली, सायकल वर ढकलत नेली, आणि हळू, अगदी हळू पुन्हा वळण घेतलं. चाक पुन्हा घसरलं. आता पाय टेकवला म्हणून वाचली.

"अहो तुमाश," ती मोठ्याने म्हणाली, "हे काय?"

इतकी वर्षं धरलं, मग यंदाच का सोडलं? ती तिथेच दगडावर बसली. कोपर दुखायला लागलं म्हणून रुमाल काढला, जखम पुसली, आणि रुमालावर रक्ताबरोबर पिवळं काहीतरी आलं. तिने ते बोटाने चोळून पाहिलं. चिकणमाती. पुन्हा खडी उकरली, आणखी खोल. तळाशी गेल्या वर्षीच्या थराचे तुकडे होते, हिवाळ्याने फोडलेले, पिवळे, अजून खडीला घट्ट धरून बसलेले.

पिवळी माती आमच्या गावात एकाच ठिकाणी निघते. बाल्सेरच्या कोठारामागे. त्याच्या आजोबाने चुली लिंपायला खणलेला खड्डा आहे तो.

मेंजाने रुमाल मांडीवर पसरला. सात वर्षं. तिचं चाळून झालं, की नंतर कधीतरी कुणीतरी पहाटे येऊन तिची खडी बाजूला सारत होतं, माती घालून दाबत होतं, आणि वर पुन्हा तिचीच खडी पसरत होतं, तिला कळू नये म्हणून. यंदा ते कुणीतरी खुबा बदलून घरी बसलं होतं. आणि आपल्याला हाताला धरून नेणारं ते वळण तुमाशचं नव्हतंच. शरमेने कान तापले.

खाली पुलाशी आली तेव्हा आइताने कोपर बघून आधी औषधाची पेटी आणली, मग तोंड उघडलं.

"कुठे पडलात आंदा?"

"सायकलवरून."

"ते दिसतंय हो. रस्त्यात कुठे?"

मेंजाने कोपर पुढे केलं. आइता कापूस भिजवत म्हणाली, "काल तिघे पाहुणे वर गेले होते. एकाची अख्खी बाही फाटली. म्हणे, इतका सुंदर रस्ता आणि चाकच धरत नाही. मला वाटलं, नवशिका असेल, रस्त्याला नावं ठेवतोय." तिने मेंजाकडे पाहिलं आणि उरलेलं वाक्य गिळून टाकलं. फटकळ माणसालाही कधीकधी कळतं.

घरी जाताना मेंजा मुद्दाम बाल्सेरच्या कोठारामागून गेली. खड्ड्याच्या तोंडाशी यंदा गवत माजलं होतं. भिंतीला ढकलगाडी उलटी टेकवलेली, तिच्या तळाला पिवळी माती वाळून दगड झालेली. बाल्सेर बाकावर ऊन खात बसला होता, कुबडी शेजारी.

"बाल्सेर, ही ढकलगाडी कशाला वापरतोस रे?"

"कोबीला."

"कोबीला पिवळी माती घालतोस?"

"माझा कोबी नखरेल आहे." त्याने तिच्या कोपराकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. पण आवाज तोच ठेवला. "पडलीस वाटतं. उद्या माझं नाव घ्यायला येशील ना धड? वाईन आणून ठेवलीय. यंदा सहा बाटल्या जास्त."

"येईन," ती म्हणाली.

आता बघा, मेंजापुढे काय होतं. पडताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. तिने बाल्सेरचं नाव घेतलं असतं तर कुणाची भुवईसुद्धा वर गेली नसती. वाईन तयार, टोमणे तयार, बाल्सेर स्वतः तयार. स्वतःचं नाव घेतलं तर काठी जाणार. तुमाशच्या हातातली काठी, त्याच्या हाताने गुळगुळीत झालेली. आणि नुसती काठी नाही. तुमाशने तेहेतीस वर्षं चुकीचं केलं, असं साऱ्या गावापुढे त्याच्या बायकोने उभं राहून म्हणायचं. तो उत्तर द्यायला नाही, आणि ही म्हणणार! दुपारभर ती बार्लीचं सूप ढवळत राहिली आणि शेवटी ते तळाला लागलं. पण त्या रस्त्यावरून सोमवारी दोनशे गुरं जाणार होती, मग गवताच्या गाड्या, मग आइताच्या सायकलींवरचे पाहुणे. सायकल काठाच्या दगडांना अडली होती. माणूस अडेलच असं नाही.

रविवारी गवतात लांब टेबलं लागली. पाद्रीबाबांची प्रार्थना झाली, सूप झालं, याखेनने चमचा पेल्यावर वाजवला. बाल्सेर टेबलाच्या टोकाशी बसून खरोखरच बुचं काढत होता. मेंजा काठी घेऊन उभी राहिली.

"यंदाचा वाईट तुकडा," ती म्हणाली, आणि थांबली.

"उलटा कोयता!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"चौदावा," मेंजा म्हणाली. "फुलीचा. माझा."

लोक हसतच होते. त्यांना वाटलं, म्हातारीने यंदा थट्टा केली. मग एकेक करून हसू थांबलं. याखेन उठून म्हणाला, "आंदा मेंजा, अहो, तुमच्या तुकड्यावर तर टेबल मांडून जेवावं!"

"जेवायला बरा आहे. चालवायला नाही. मी काल तिथे पडले. परवा एक पाहुणा पडला. खडी सुटी आहे, चाक धरत नाही. ज्या तुकड्यावर माणूस पडतं तो वाईट. बाल्सेरचा तुकडा दात हलवतो, पण माणसाला पाडत नाही." तिने काठी जमिनीवर टेकवली. "तुमाशने जे केलं ते मी केलं. आमचं चुकलं."

"काय बोलतेस तू!" बाल्सेर एकदम गरजला. कुबडी खाली पडली. "तुमाशचं नाव घेऊ नकोस! त्याचं काही चुकलं नाही. खाली बस! माझ्या खुब्यामुळे झालंय हे सगळं, तुला काय कळतंय? माझं नाव घे आणि खाली बस!"

सगळं गाव आळीपाळीने दोघांकडे बघत होतं. मेंजा टेबलाला वळसा घालून त्याच्यापर्यंत गेली. त्याची कुबडी उचलली, बाजूला ठेवली, आणि तिच्या जागी त्याच्या हातात मुकादमाची काठी दिली.

"नियम आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षीचा तूच."

बाल्सेरने काठीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. बुचं काढायचा स्क्रू टेबलावर ठेवून त्याने ती दोन्ही हातांनी धरली.

"आणि ती वाईन मी विकत घेते तुझ्याकडून," मेंजा म्हणाली. "टूर्टा घरून आणलीय."

तेव्हा कुठे लोक पुन्हा हसले, आणि याखेनने सगळ्यांच्या आधी पेला पुढे केला.

गुरं दुसऱ्या सकाळी जायची होती, म्हणजे माती आजच पडायला हवी. जेवण उरकल्यावर आइताने आपल्या छोट्या ट्रकमध्ये पिवळी माती भरली, पाण्याचा पिंप चढवला, बाल्सेरला पुढे बसवलं. मेंजा सायकलवरून गेली. वळणाशी पोचल्यावर आइताने माती ओतली, नव्या मुकादमाला दगडावर बसवलं आणि शहाणपणाने ट्रक घेऊन वरच्या मोऱ्या बघायला निघून गेली.

मेंजा फावड्याने खडी बाजूला सारत होती.

"सांग आता," ती म्हणाली. "त्याने करायला सांगितलं होतं तुला?"

"शेवटच्या आठवड्यात." बाल्सेर काठीवरच्या खुणा चाचपत होता. "माती तोच घालायचा गं आधी. माझ्या खड्ड्यातून, दर वर्षी. तू घरी भाकऱ्या भाजत असायचीस. सुटी खडी वळणावर धरत नाही हे त्याला काय कळत नव्हतं? गवताची गाडी घसरायची तिथे."

"मग चाळायचाच कशाला? मला सांगायचं ना, नको चाळू म्हणून! सात वर्षं पाठ मोडून घेतली मी!"

"मीही तेच म्हटलं त्याला. तो म्हणाला, तिला सांगू नकोस. तिला वाटेल ती माझं काम चालवतेय. वाटू दे. तिचं काढून घेऊ नकोस." बाल्सेरने दुखरा पाय लांब केला. "आणि माझ्या तुकड्याचं म्हणशील, तर माझ्या पाठीत एकाच तुकड्याचा दम आहे."

मेंजा फावडं टेकवून उभी राहिली. "पण त्याचं काम म्हणजे? चाळणं ही त्याचीच आवड होती ना?"

बाल्सेरने तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं, आपण काहीतरी भलतंच विचारलं.

"आवड?" तो म्हणाला. "अगं, तुमाशला खडी चाळायची आवड? तू पहिल्या उन्हाळ्यात ते नाजूक बक्कलवाले बूट घालून आमचं जेवण घेऊन वर यायचीस. एक दिवस इथेच, या वळणावर, टोपली खाली ठेवलीस आणि म्हणालीस, तुमच्या गावचे खडे चावतात. मला परत माहेरी जायचंय. आम्ही सगळे हसलो. तो नाही हसला. हिवाळ्यात चाळण विणायला बसला."

मेंजाला ते आठवत नव्हतं. बूट आठवत होते, टोपली आठवत होती, ते वाक्य नव्हतं. मग आठवलं. सगळं एकदम आठवलं. तेहेतीस वर्षं तो चाळत होता, आणि तिने दुसऱ्या वर्षीच जाड तळव्यांचे बूट घेतले होते.

तिला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. बाल्सेर दरीकडे बघत म्हणाला, "रडून घे, पण माती वाळायच्या आत दाबायला हवी. मुकादम म्हणून सांगतोय."

"आला मोठा मुकादम," ती नाक पुसत म्हणाली.

तिने पिंपातलं पाणी मातीवर ओतलं, खडी त्यात कालवली, वळणभर पसरली. मग खाली बसून बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी मातीत उतरून ती तुडवायला लागली. गुडघा कुरकुरत होता. पायाखाली आधी थंडगार चिखल, मग त्यातले खडे.

"टोचतंय का?" बाल्सेरने विचारलं.

"टोचतंय," मेंजा म्हणाली, आणि तुडवत राहिली.